दोघींतली एक

बारसं भावाचं होतं, पण सकाळपासून आई न्हाऊ मला घालत होती.

मागच्या दारी दगडावर मला बसवून तिनं दोनदा शिकेकाई लावली होती. बाळंतीण बाई, डोक्याला रुमाल बांधलेला, वाकलं की कंबर धरायची. तरी तांब्या काही ती आत्याच्या हातात देईना.

“आई, डोळ्यात गेलं.”

“मीट की मग.”

“पाणी संपंल. आक्काची आंघुळ ऱ्हायलीय.”

“ऱ्हाऊ दे तिची. आज तुझी.”

आमच्या गावात तेव्हा टँकर यायचा, तोही आला तर. घागरभर पाणी एका पोरीच्या केसांवर ओतणं ही चैन होती, आणि ती माझ्या वाट्याला का येते आहे हे मला ठाऊक होतं. सात वर्षांच्या मुलीला ठाऊक असावं तेवढं. संध्याकाळी शालनमावशी आणि अधिकरावकाकांच्या जीपमध्ये बसून मला जायचं होतं. आधी मिरज, तिथून रेल्वेनं कोईमतूर.

“मावशीकडं नळाला दिवसभर पाणी असतंय,” आई म्हणाली.

“किती दिवस ऱ्हायाचं मी?”

“शाळा बी जवळ हाय. चालत जाशील.”

“आई, किती दिवस?”

तिनं शेवटचा तांब्या ओतला. “डोळं मीट,” म्हणाली.

मी मिटले.

आता माझी जुई झोपते तेवढ्या वेळात मी हे लिहिते आहे, आणि जिथं थांबते तिथं पुढचं विसरते. म्हणून आधी सांगायचं ते सांगून टाकते. आई आमच्या गावची सरपंच होती. जागा बाईसाठी राखीव सुटली, म्हणून आण्णांनी तिला उभी केली. लोक ‘सरपंच’ अशी हाक आण्णांनाच मारायचे, पंचायतीच्या खुर्चीत बसायचेही तेच. आई सही करायची. पण टँकर बंद पडला की तालुक्याला जाऊन साहेबाच्या दारात बसायची ती आईच. घरी आली की त्या दिवशी तिचा आवाज जरा वेगळा यायचा. भाकरी थापताना गुणगुणायची.

कायदा असा होता की पंचायतीतल्या माणसाला तिसरं मूल झालं की पद जायचं. नवाच कायदा होता, गावात कुणाला धड कळलेला नव्हता. आमच्याकडं आक्का, म्हणजे थोरली सारिका, आणि मी अशा आधीच दोघी. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला. आण्णांना मुलगाही हवा होता आणि खुर्चीही. विट्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका माणसानं त्यांना तोडगा सांगितला: एक पोर दत्तक देऊन टाका, घरात राहतील दोन. कायद्याला दोनच दिसतील.

मावशीला मूल नव्हतं. काकांचं कोईमतूरला गलाईचं दुकान होतं. आमच्या भागातली निम्मी माणसं अशीच, सोनंचांदी वितळवून शुद्ध करून द्यायच्या धंद्यात, कुठं कुठं देशभर पांगलेली. वर्षाला जत्रेला यायची, चार दिवस राहायची, जायची. त्यांच्यात मी जाणार होते. मुलगा द्यायचा प्रश्नच नव्हता. आम्हां दोघींतली मीच का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धाकटीला द्यायचं असतं, असं मी आपलं धरून चालले होते.

अंगणात मांडव घातला होता. पुरुष माणसं ओट्यावर आबांभोवती बसली होती. आबा म्हणजे आण्णांचे वडील, कानानं कमी, तोंडानं जास्त.

“आमच्या आईला अकरा झाली,” आबा सांगत होते. “जगलो आम्ही पाच. कुणी मोजली न्हाईत. मेली ती देवाची, जगली ती आपली. माझ्या कारभारणीला आठ. त्यातली चार ही बघा, फिरत्यात.”

“आबा, तवा हा कायदा असता तर?”

“तर गावाला सरपंच मिळाला नसता. भिताडावर त्यो लाल तिकोण रंगवायला आला हुता ना रंगारी, त्यालाच सात हुती.”

हसले सगळे. आबा हसले नाहीत. पान लावता लावता म्हणाले, “आता पोरं मरंनात, तर मोजायची पाळी आली. काळच उलटा.”

मी नवा फ्रॉक घालून खांबाला टेकून उभी होते. मावशीनं आणलेला, निळा, पाठीमागं बो. हातात तिनंच आणलेल्या काचेच्या बांगड्या. बसू नकोस, मळेल, असं सगळ्यांनी सांगितलेलं.

मावशी पाळण्यापासून लांब, भिंतीला लागून बसली होती. बारशाच्या पाळण्याजवळ ती कधी जायची नाही. कुणी तिला नको म्हणायचं नाही, पण ये असंही म्हणायचं नाही. पाळण्याखालून बाळ घेताना बायका ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत होत्या आणि मावशी पदर बोटाला गुंडाळत होती. इंदूआत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. हर्षवर्धन. मग मागं वळून म्हणाली,

“शालन, आता लाव की हात पाळण्याला. आता तुझ्या बी ओटीत पडणार हाय. आता न्हाई बाधायचं.”

मावशी उठली, पाळण्याला बोट लावलं आणि परत येऊन बसली. तिच्या कपाळावर घाम होता.

जेवणं उरकत आली तेव्हा ग्रामसेवक आले. कुंभार भाऊसाहेब. गावात सगळे ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात. ओट्यावर आण्णांभोवतीची गर्दी पाहून ते घराला वळसा घालून मागच्या दारी आले. आई तिथं पातेल्यावर झाकण ठेवत होती आणि मी तिच्याजवळ, कारण तिच्याजवळ फ्रॉक मळेल असं काही नव्हतं.

“वहिनी, आण्णांशी बोलायचं होतं. पण माणसात बसल्यात.”

“माझ्याशी बोला की. सही तर मीच करते.”

भाऊसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. “वरच्या आळीच्या बाळासोनं कलेक्टरकडं अर्ज टाकलाय. तिसरं झालं म्हणून.”

“टाकणारच की. मागल्या खेपंला त्याची बायकू पडलीया.”

“तसं न्हवं वहिनी. ते दत्तकाचं तुमचं चाललंय ना, त्यानं भागत न्हाई. मी तालुक्याला इचारून आलो. घरात किती हाईत ते बघत न्हाईत. जन्माला किती घातली ते बघत्यात. ह्या पोरीला तुम्ही कोईमतूरला धाडा न्हाईतर काशीला, ती तुमच्याच नावावर मोजणार.”

पातेल्यावरचं झाकण नीट बसत नव्हतं, ते आईनं फिरवून बसवलं.

“पद जाणार ते जाणार,” भाऊसाहेब म्हणाले. “उगं लेकरू कशाला लांब करताय? म्हणून म्हटलं आजच सांगावं. लिहिण्याबिहिण्याच्या आधी.”

“चहा घ्या तुम्ही.”

“आण्णांना बोलावतो मी.”

“नगा.” आईनं पदर खोचला. “आज त्यांच्यापाशी काढू नगा. पाहुणं जाऊ देत.”

“पण वहिनी, जीप तर संध्याकाळी…”

“पाहुणं जाऊ देत म्हटलं न्हवं?”

टँकरसाठी साहेबाशी बोलायची तोच आवाज होता. भाऊसाहेबांनी टोपी घातली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि चहा न घेताच आल्या वाटेनं गेले.

मला सगळं कळलं नव्हतं, पण मुद्द्याचं कळलं होतं. मला कुठंही पाठवलं तरी मी आईचीच मोजणार होते. म्हणजे पाठवून उपयोग नव्हता. म्हणजे मी जायचं नव्हतं.

आक्का आतल्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दहा वर्षांची होती ती. बाळ जन्मल्यापासून तिची शाळा चुकत होती. मी तिच्या कानात सगळं सांगितलं.

“खरं?” ती म्हणाली.

“भाऊसाहेब म्हणालं. आईनं ऐकलंय.”

“मग ह्या बांगड्या मावशीला परत द्याव्या लागतील.”

“देऊ की.”

“फ्रॉक बी.”

फ्रॉकचं मला वाईट वाटलं. पण तेही चाललं असतं. आक्कानं बाळ एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं माझी पाठीमागची गाठ सोडायला लागली. एका हातानं तिला ती सुटेना. आम्ही दोघी हसायला लागलो, बाळ जागं झालं, तेवढ्यात आत्याची हाक आली.

माजघरात पाट मांडला होता. मावशी पाटावर बसली होती, डोक्यावरून पदर, तिच्या ओटीत नारळ, खण, गहू. मला हाताला धरून आणलं. मी आईकडं बघत होते. आता सांगेल, मला वाटत होतं. बायका जमू देत, मग सांगेल.

आईनं मला दोन्ही काखांत धरून उचललं. अजून ओली बाळंतीण, उचलताना तिच्या तोंडून हुंकार निघाला. मावशीच्या मांडीवर तिनं मला ठेवलं. माझ्या जिभेवर साखर ठेवली, मावशीच्या जिभेवर ठेवली.

“शालन, तुझ्या ओटीत घातली,” आई म्हणाली. “आजपासनं तुझी.”

मावशीचे दोन्ही हात माझ्या पोटावर होते आणि थंडगार होते. तिनं माझ्या बांगड्या एकेक करून सारख्या केल्या. मला तिची दया आली. तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं ना. नंतर बिचारीला सगळं परत करावं लागणार, असं मी धरून बसले होते.

ऊन उतरलं. अधिकरावकाकांनी जीपमध्ये ट्रंक चढवली, कडबोळ्यांचा डबा चढवला. माझी पिशवी चढवली. आण्णा काकांशी बोलत होते. मावशीनं माझं मनगट धरलं होतं. आई दाराशी उभी, शेजारी आक्का, आक्काच्या खांद्यावर बाळ. मी वाट बघत होते. पाहुणे जाऊ देत, असं आई म्हणाली होती. बाकीचे पाहुणे तर गेले होते. आता आम्हीच उरलो होतो.

काकांनी जीपचं मागलं दार उघडलं.

“चल बाय,” मावशी म्हणाली.

मग मीच बोलले. मोठ्यानं, आण्णांना ऐकू जाईल असं.

“मला पाठवून उपयोग न्हाई. भाऊसाहेब आलं हुतं. म्हणालं, हिला कुठं बी धाडा, हिची मोजणी हितंच. खुर्ची जाणारच हाय. आईला ठाव हाय.”

आण्णांनी बोलणं थांबवलं. “काय म्हणतीय ही?”

मावशीची बोटं माझ्या मनगटावर सैल झाली. मला आठवतं. अगदी थोडी, पण सैल झाली. काका आण्णांकडं बघत होते. आण्णा आईकडं.

आई पायरी उतरून आली. कंबर धरून, सावकाश. माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या थोबाडीत मारली.

त्याआधी आईनं मला कधी मारलं नव्हतं. आक्काला मारायची, मला नाही.

“खोटं बोलाय शिकलीया,” ती आण्णांना म्हणाली. “जायाचं न्हाई म्हणून. सकाळधरनं असंच चाललंय. भाऊसाहेब जेवायला आला हुता, जेवून गेला.”

“मी खोटं न्हाई बोलत. आक्काला इचारा.”

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्कानं तोंड उघडलं. आईनं वळून तिच्याकडं पाहिलं. काय होतं त्या बघण्यात ते मला दिसलं नाही, आईची पाठ माझ्याकडं होती. आक्कानं बाळाला ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, “मला न्हाई ठाव.”

“बसव तिला,” आण्णा काकांना म्हणाले. “पोरं रडत्यातच.”

मी रडत नव्हते. गाल चाचपत होते. जीप हलली तेव्हा आई वळून घरात चालली होती. ती दारात थांबली असती तर मी बघत राहिले असते. ती थांबली नाही.

मिरजेच्या स्टेशनवर मावशीनं मला केळं दिलं आणि विचारलं, “खरंच आलं हुतं भाऊसाहेब?”

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे बघून म्हणाले, “न्हाई.”

ती मला कुशीत घेऊन रेल्वे येईपर्यंत रडत होती. मावशी चांगली होती. तिनं माझं सगळं केलं, दोन आयांनी केलं नसतं इतकं.

त्या वर्षीच आईचं पद गेलं. कलेक्टरनं जन्म तीन धरले. बाळासोची बायको सरपंच झाली, तिला पुढं तिसरं झालं तेव्हा तिचंही पद गेलं. मला परत आणावं असं कुणी म्हटलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. काकांनी एकदा फोनवर विषय काढला होता, तेव्हा आण्णा म्हणाले म्हणे, भरलेली ओटी मोकळी करत नसतात. जत्रेला मी जायचे. आई मला पाहुण्यासारखं ताट करायची, पाटाभोवती रांगोळी काढून. आक्का चुलीपुढून माझ्याकडं बघायची. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, “आई रडत हुती.” मी म्हटलं, नव्हती, मी समोर होते. ती म्हणाली, “माझ्याकडं बघितलं तवा.”

मी इंग्रजी शाळेत गेले, मग कॉलेजात. आक्काची शाळा सातवीत सुटली. सतरा पुरी व्हायच्या आत लग्न. दोन मुली झाल्या. तिसऱ्या खेपेला सासरच्यांनी तिला कुठल्याशा गावात नेऊन तपासून आणलं आणि मग दुसऱ्या गावात नेलं. तिथून ती परत आली ती गोधडीत गुंडाळून. रक्त थांबलं नाही, एवढंच आम्हांला सांगितलं. पोलिसात कुणी गेलं नाही. तेविसाव्या वर्षी गेली. हर्षवर्धन तेव्हा आठवीत होता. तिच्या मांडीवर वाढलेला. तेराव्याला तो माझ्याशेजारी बसून जेवला आणि मग मागच्या दारी जाऊन सगळं ओकला.

आता आमच्या गावात तिशी उलटलेली कितीतरी पोरं बिनलग्नाची आहेत. आण्णा मला फोनवर विचारतात, तुमच्या तमिळ मुलखात गरिबाघरची कुणी मुलगी आहे का बघ. मी बघते म्हणते.

जुई झाली तेव्हा बाळंतपण मावशीनं केलं. तिला गुडघेदुखीनं होईना झालं, मग आई आली. माझ्या घरी पहिल्यांदाच. एक दुपार होती, जुई झोपली होती, आई फरशीवर मेथी निवडत होती आणि मी समोर भिंतीला टेकून. पोर झाल्यापासून मला एक सवय लागली आहे, झोपलेल्या जुईचं मनगट दोन बोटांत धरून बसायची. तशीच बसले होते. आणि विचारलं.

“आई, तू मला मारलंस त्या दिवशी.”

“व्हय.”

“मी खोटं बोलत नव्हते.”

“ठाव हाय की.” ती काड्या मोडत राहिली. “भाऊसाहेबानं नवं काय सांगितलं न्हवतं. मला पोटात ऱ्हायलं तवाच ठाव हुतं. सरपंच बायकांचं ट्रेनिंग झालं हुतं सांगलीला. तिथल्या बाईनं फळ्यावर लिहून सांगितलं हुतं, दत्तक दिलं तरी चालत न्हाई. मी तिला दोनदा इचारून घेतलं.”

“मग आण्णांना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर कुणी गेलंच नसतं घरातनं.”

“आणि खुर्ची?”

“ती गेलेलीच हुती. कळायची ऱ्हायली हुती त्यांला.”

इतकी वर्षं मी स्वतःला एका खुर्चीची किंमत समजत आले होते. मी सरकत तिच्याजवळ गेले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या अंगाला इतकी वर्षं मी आपणहून हात लावला नव्हता.

“म्हणजे तू मला तिथनं बाहेर काढलंस.”

आईनं मान वर केली. जुईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“तुझ्याशी खोटं कशाला बोलू,” ती म्हणाली. “मी सारिकाचं नाव घेतलं हुतं. ती मोठी, तिला आधी उजवून टाकणार हुती ही माणसं. शालनला मी म्हटलं हुतं, सारिकाला ने. शालन बी तयार हुती. पण तुझी आत्या म्हणाली, ती गेल्यावर पोराला कोण घेणार? पाण्याला कोण जाणार? तुझ्या आण्णांनी मान हलवली. मी लई भांडले, बाय. तीन दिवस जेवले न्हाई. न्हाई सोडली त्यांनी तिला.”

तिनं मेथीची दुसरी जुडी ओढली, दोरा सोडला.

“मग तू उरलीस.”